ऑफर लेटरवर सही करण्याआधी एकदा चाकणचं शॉप बघून या

पत्र थोडक्यात : वय ३४, मेकॅनिकल डिप्लोमा, राहायला रावेत. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत १२ वर्षं नोकरी. डिप्लोमा ट्रेनी म्हणून लागले, आज हीट एक्स्चेंजर आणि प्रेशर व्हेसलच्या (दाबाखाली चालणाऱ्या टाक्यांच्या) शॉपमध्ये, म्हणजे उत्पादनाच्या शेडमध्ये, क्वालिटीत सीनिअर इंजिनिअर. सलग तीन अप्रेझलला पाचपैकी तीन रेटिंग. मागून आलेले दोन बी.ई. वरच्या ग्रेडला गेले. दीड वर्षापूर्वी साहेब बदलले, त्यांच्याशी बोलणं कामापुरतं. सध्याचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ९ लाख २० हजार. चाकणमधल्या दीडशे माणसांच्या एका फॅब्रिकेशन कंपनीची ऑफर आली आहे. सीटीसी १२ लाख ५० हजार, पद क्वालिटी मॅनेजर, तीस दिवसांत हजर होण्याची अट. इथला नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. घराचा हप्ता ३१ हजार, मुलगी दुसरीत. आईला मधुमेह, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, ती कंपनीच्या मेडिक्लेमवर. वडील पिंपरीतल्याच एका मोठ्या कारखान्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेत आणि म्हणतात, "मोठी कंपनी सोडायची नसते." वाचक लिहितात, "कंपनीला माझी किंमत नाही. बारा वर्षं फुकट गेली असं वाटतं. जाऊ की राहू?"

उत्तर :

दोन्हीकडच्या पगाराची फोड तुम्ही पत्राला जोडलीत हे बरं केलंत, त्यामुळे हवेत बोलावं लागत नाही. पण आकड्यांकडे वळण्याआधी तुमच्या एका वाक्यापाशी थांबू या : "कंपनीला माझी किंमत नाही."

हजारो माणसांच्या कंपनीत तुमच्या ग्रेडवर ज्यांचं मत चालतं अशी माणसं तीन-चारच असतात. तुमचे साहेब, त्यांचे साहेब, शॉपचा प्लांट हेड आणि एचआरमधला तुमच्या विभागाचा माणूस. त्याच गेटातून आत येणारा, पलीकडच्या शेडमध्ये वेल्डिंग इंजिनिअरिंगला बसणारा तुमच्या बॅचचा माणूस पूर्णपणे वेगळी नोकरी करत असतो. साहेब वेगळे, कामाचे तास वेगळे, शिकायला मिळतं तेही वेगळं. मोठ्या कंपनीबद्दल 'तिथे मस्त आहे' आणि 'तिथे काही राम नाही' ही दोन्ही मतं एकाच वेळी खरी असतात ती यामुळेच. म्हणून 'कंपनी सोडू का' याच्या आधी 'ही खुर्ची सोडू का' हा प्रश्न विचारा. दुसऱ्याचं उत्तर 'हो' असलं तरी पहिल्याचं 'नाही' असू शकतं.

आता रेटिंग. पाचपैकी तीन म्हणजे 'अपेक्षेप्रमाणे'. बहुतेक मोठ्या कंपन्यांत विभागाला आधीच सांगितलेलं असतं की चार आणि पाच इतक्याच जणांना द्यायचे, आणि बाकीच्या बहुतेकांच्या वाट्याला तीन येतो. साहेब स्वतःच्या केबिनमध्ये काय देतात ते अंतिम नसतं. सगळे विभागप्रमुख एकत्र बसून आकडे जुळवतात, तिथे प्रत्येक माणसावर जेमतेम दोन-तीन मिनिटं बोललं जातं. त्या दोन मिनिटांत तुमच्या साहेबांच्या हातात काय असतं? तुम्ही सेल्फ अप्रेझलच्या फॉर्ममध्ये जे भरलं ते. क्वालिटीवाल्यांचं दुखणं असं, की त्यांचं चांगलं काम म्हणजे काहीतरी न घडणं. लीक झालं नाही, कस्टमरची तक्रार आली नाही, थर्ड पार्टी इन्स्पेक्टर (बाहेरच्या संस्थेचा तपासनीस) जॉब नाकारून परत गेला नाही. न घडलेल्या गोष्टी कागदावर आणल्या नाहीत तर त्या दिसत नाहीत. मग बहुतेकांच्या फॉर्ममध्ये असतं : 'सर्व जॉबचं इन्स्पेक्शन वेळेत पूर्ण केलं.' या वाक्यावर तीनच मिळतो.

पावसाळ्याचंच बघा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत दमटपणा वाढला की लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या कांड्या) ओल धरतात आणि रेडिओग्राफीच्या (वेल्डच्या एक्स-रेच्या) फिल्मवर पोरॉसिटीचे, म्हणजे वेल्डमधल्या हवेच्या छिद्रांचे, ठिपके वाढतात. कुठे इलेक्ट्रोड उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला, साधारण २५० ते ३५० अंशांना, पुरेसा वेळ भाजलेलेच नसतात. कुठे होल्डिंग ओव्हनचा थर्मोस्टॅट बिघडलेला असतो. कुठे वेल्डर सकाळी घेतलेले इलेक्ट्रोड जेवणानंतरही उघडेच वापरतो, खरं तर ७०१८ सारख्या लो-हायड्रोजन इलेक्ट्रोडला उघड्यावर साधारण चार तासांची मर्यादा धरतात. तुम्ही बारा वर्षं या शॉपमध्ये आहात, म्हणजे असं काहीतरी तुम्ही पकडलं असणारच. ते लिहायचं असं : बदलाआधी तपासलेल्या वेल्डच्या लांबीपैकी किती टक्के रिपेअर निघत होता, कारण काय सापडलं, काय बदललं (इलेक्ट्रोड इश्यू रजिस्टर, क्विव्हरची, म्हणजे इलेक्ट्रोड गरम ठेवणाऱ्या डब्याची, सक्ती, ओव्हनचं कॅलिब्रेशन), आणि तीन महिन्यांनी रिपेअर किती टक्क्यांवर आला. एका रिपेअरला ग्राइंडिंग, परत वेल्डिंग, परत शूटिंग (रेडिओग्राफी) आणि त्यात गेलेले दिवस मिळून किती खर्च येतो, ते प्लॅनिंगवाल्यांना विचारून पुढे मांडा. अशा चार नोंदी असल्या की साहेबांना मीटिंगमध्ये बोलायला काहीतरी मिळतं. वर्ष संपल्यावर हे आठवून लिहिता येत नाही. महिन्याच्या शेवटी दहा मिनिटं काढून एका फाइलमध्ये टाकत जा. हीच फाइल पुढे बायोडेटालाही कामी येते.

बी.ई. झालेल्यांचा मुद्दा वेगळा आहे, तो रेटिंगमध्ये मिसळू नका. काही कंपन्यांत ठरावीक ग्रेडच्या वर जायला पदवी लागते असा लेखी नियम असतो, काही ठिकाणी नुसता रिवाज. एचआरला साध्या ईमेलवर विचारा : 'माझ्या ग्रेडपुढे जाण्यासाठी शैक्षणिक पात्रतेची अट आहे का, असल्यास किती वर्षांच्या अनुभवावर ती शिथिल होते?' लेखी नियम निघाला तर मनातला राग साहेबांवरून उतरेल आणि उपायही दिसेल. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय परिषद) २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतल्या पदवी अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे, डिप्लोमावाल्याला त्यात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. कॉलेज आणि तोच अभ्यासक्रम एआयसीटीईच्या यादीत आहे का हे पाहूनच पैसे भरा. पत्रव्यवहाराने इंजिनिअरिंगची पदवी देणाऱ्यांच्या नादी लागू नका. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ च्या निकालात अशा अभ्यासक्रमांना चांगलाच चाप लावला आहे.

आणि खुर्ची बदलण्याचा मार्ग कंपनीच्या आतही असतो. अंतर्गत जागांच्या जाहिराती पोर्टलवर येतात, पण बरेच जण त्या उघडूनही बघत नाहीत. अट बहुधा अशी असते की सध्याच्या जागेवर दोन-तीन वर्षं झालेली हवीत, शेवटचं रेटिंग किमान तीन हवं, आणि साहेबांची संमती हवी. पहिल्या दोन अटींत तुम्ही बसता. सप्लायर क्वालिटी, प्रोजेक्ट क्वालिटी, वेल्डिंग इंजिनिअरिंग, सर्व्हिस या चारही ठिकाणी शॉप माहीत असलेल्या माणसाची गरज असते. त्यातही सप्लायर क्वालिटीकडे मी तुमचं लक्ष वेधेन. तिथे आठवड्यातून दोन-तीन दिवस भोसरी, चाकण, रांजणगावच्या व्हेंडरांकडे जावं लागतं, आणि छोट्या कंपन्यांची आतली स्थिती तुम्हाला ऑफर न घेताच बघायला मिळते.

वडिलांच्या म्हणण्याकडे येतो. ते चुकीचं बोलत नाहीत, ते त्यांच्या नोकरीबद्दल बोलतात. ऑपरेटर म्हणून ते कामगार संघटनेच्या करारात होते. दर काही वर्षांनी करार, सगळ्यांना ठरलेली वाढ, आणि काढायचं म्हटलं तर कायद्याची मोठी वाट. तुम्ही स्टाफमध्ये आहात. तुमची वाढ रेटिंगवर ठरते, तुम्हाला संघटना नाही, आणि तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये 'तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन' हे कलम दोन्ही बाजूंना लागू आहे. ते काढून वाचा. बाहेरची पाटी सारखी दिसली तरी त्या दोन नोकऱ्या एका जातीच्या नव्हेत. म्हणजे मोठी कंपनी सोडू नये याची कारणं असू शकतात, पण वडिलांना जी सुरक्षितता मिळाली ती तुमच्याकडे आहे असं धरून चालू नका.

आता पैसे. ९.२० वरून १२.५० म्हणजे ३६ टक्के वाढ, महिन्याला साडेसत्तावीस हजार. कागदावर. तुम्ही पाठवलेल्या फोडीवरून हिशेब केला तो असा.

सध्या तुमचं बेसिक ३२ हजार आहे आणि कंपनी पूर्ण बेसिकवर १२ टक्के पीएफ भरते, म्हणजे महिना ३,८४०. वर्षाचे ६० हजार व्हेरिएबल (हमी नसलेला, कामगिरीवर मिळणारा भाग). ग्रॅच्युइटीची तरतूद (बेसिकच्या ४.८१ टक्के) वजा केली आणि तुमचा पीएफ व व्यवसाय कर कापला, की हातात दरमहा साधारण ६२,२०० येतात. नव्या ऑफरमध्ये १ लाख ८० हजार व्हेरिएबल आहे, मेडिक्लेमचा हप्ता २२ हजार त्यातच धरला आहे, आणि पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर भरणार आहेत, म्हणजे महिना फक्त १,८००. हातात येतील साधारण ८१,५००. इन्कम टॅक्सचा इथे फरक पडत नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ७५ हजारांची वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही.

फरक १९,३०० चा. पण पीएफमध्ये दोन्ही बाजू मिळून आज ७,६८० साठतात, तिकडे ३,६०० साठतील. ४,०८० गेले, उरले १५,२००. आज तुम्ही कंपनीच्या बसने जाता. रावेतहून चाकण एमआयडीसी एका बाजूला २५ किलोमीटर धरलं तर महिन्याला साडेबाराशे किलोमीटर होतात. आठ महिने बाइक आणि पावसाळ्याचे चार महिने कार, पेट्रोल १०५ रुपये लिटर, सर्व्हिसिंग आणि टायर धरून महिन्याला सहा हजार सहज जातील. कँटीनचे दीड हजार. आईच्या विम्यासाठी तीन हजार बाजूला ठेवले, तर खरी वाढ उरते ४,७०० रुपये. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर महिन्याला आणखी दहा हजार, अर्धं मिळालं तर अडीच. म्हणून त्या कंपनीला विचारायचा पैशांचा पहिला प्रश्न हा : गेल्या तीन वर्षांत या ग्रेडच्या लोकांना व्हेरिएबल किती टक्के मिळालं, आणि कोणत्या महिन्यात? उत्तर गोलमोल आलं तर ते शून्य धरा.

ग्रॅच्युइटी बुडेल अशी भीती पत्रात आहे, ती काढून टाका. पाच वर्षं झाली की राजीनामा दिला तरी ती मिळते. शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. तुमच्या बाबतीत ३२,००० वर १२ वर्षांचे सुमारे २ लाख २१ हजार. कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरतात, त्यामुळे आकडा थोडा वाढूही शकतो. एचआरकडून लेखी हिशेब मागा. मात्र एक तोटा खरा आहे. ग्रॅच्युइटी सगळ्या वर्षांसाठी शेवटच्या पगारावर मोजतात. इथेच राहून विसाव्या वर्षी बेसिक ६० हजार झालं तर ६ लाख ९२ हजार मिळतील. आज निघालात तर ही बारा वर्षं ३२ हजारांवर गोठतात, आणि नव्या ठिकाणी पाच वर्षांचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं.

पैशांपेक्षा मला आईच्या विम्याची काळजी जास्त वाटते. नव्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम तुम्ही, पत्नी आणि मुलगी यांच्यापुरता आहे. सध्याच्या ग्रुपमधलं आईचं संरक्षण तुमच्या शेवटच्या कामाच्या दिवशी संपतं. बाहेर नवीन पॉलिसी काढली तर आधीपासूनच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि अँजिओप्लास्टी झालेल्या व्यक्तीला विमा कंपनी सरळ नकारही देऊ शकते. मार्ग आहे : ग्रुप पॉलिसी ज्या विमा कंपनीची आहे, तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायचं, म्हणजे ग्रुपमध्ये काढलेली वर्षं थांबण्याच्या काळात धरली जातात. पण तिथेही तब्येतीची तपासणी आणि हप्त्याची फेरमोजणी होऊ शकते. त्यामुळे क्रम उलटा होऊ देऊ नका. एचआरकडून टीपीएचा (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेचा) नंबर घ्या, विमा कंपनीला ईमेल करा, आईची डिस्चार्ज समरी जोडा, आणि 'एवढ्या हप्त्यात, एवढ्या रकमेची पॉलिसी देऊ' असं लेखी उत्तर आल्याशिवाय राजीनाम्याचा मेल पाठवू नका. याला दोन-तीन आठवडे लागतील. ज्यांच्या घरात आजारी आईवडील आहेत अशा प्रत्येकाने नोकरी बदलताना पगाराआधी हे काम हातात घ्यावं.

आता ज्यावरून निर्णय खऱ्या अर्थाने ठरणार आहे ती गोष्ट. 'क्वालिटी मॅनेजर' हे पद ऐकायला मोठं आहे. मोठ्या कंपनीत तुम्ही इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही करता तेव्हा मागे वेल्डिंग इंजिनिअर असतो, डिझाइन असतं, क्वालिटी हेड असतो. दीडशे माणसांच्या शॉपमध्ये हे सगळं म्हणजे तुम्ही. महिनाअखेरची संध्याकाळ, गेटवर ट्रेलर उभा, मालकाला बिल आजच्या तारखेत हवं, आणि दोन फिल्मचे रिपोर्ट यायचे आहेत. त्या वेळी डिस्पॅच थांबवण्याचा अधिकार कोणाचा? तुम्ही रिपोर्ट कोणाला करणार, मालकाला की प्रॉडक्शन हेडला? प्रॉडक्शन हेडला असेल तर पद नावाचंच. बॉयलर किंवा व्हेसलच्या कागदांवरची सही ही जबाबदारी असते, आणि जॉब पाच वर्षांनी फुटला तरी फाइल उघडल्यावर नाव तुमचंच निघतं. हा प्रश्न मालकाला समोरासमोर विचारा आणि उत्तर ऑफर लेटरमध्ये एका ओळीत घ्या.

त्याहून चांगलं, तासभर शॉप फिरू द्या असं सांगा. ज्याला तुम्ही क्वालिटी सोपवणार त्याला शॉप दाखवायला कोणी कचरत असेल, तर तिथेच तुमचं उत्तर मिळालं. आत गेल्यावर काय बघायचं हे तुम्हाला मी सांगायला नको, पण अशाच ऑफरवर बसलेल्या इतरांसाठी लिहितो. इलेक्ट्रोड ओव्हनला हात लावून बघा, तो गरम आहे की नुसती कपाटासारखी जागा अडवून बसला आहे. कापलेल्या प्लेटच्या तुकड्यांवर हीट नंबर (पोलादाच्या घाणीचा ओळख क्रमांक) उतरवलाय का बघा. निम्म्या तुकड्यांवर नंबर नसेल तर मटेरियल सर्टिफिकेट नंतर जुळवलेली असतात. हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाने घ्यायच्या चाचणीला) लावलेल्या प्रेशर गेजवरचं कॅलिब्रेशन स्टिकर वाचा, आणि गेजची रेंज टेस्ट प्रेशरच्या दीडपट ते चौपट यांच्यात आहे का बघा. दुप्पट असेल तर उत्तम. १०० बारची टेस्ट ६०० बारच्या गेजवर घेणारा माणूस काटा हललाय की नाही एवढंच बघत असतो. एनसीआरचं (सापडलेल्या दोषांच्या नोंदींचं) रजिस्टर मागा. वर्षभरात तीनच एनसीआर असतील तर ते शॉप निर्दोष आहे असं समजू नका, तिथे लिहायची सवय नाही. आणि आधीचा क्वालिटी मॅनेजर किती दिवस टिकला, का गेला, हे स्टोअरवाल्याला किंवा सिक्युरिटीवाल्याला विचारा. ते खरं सांगतात.

कंपनीच्या तब्येतीसाठी घरबसल्या तीन ठिकाणं आहेत. ईपीएफओच्या वेबसाइटवर आस्थापना शोधली की दर महिन्याला पीएफ कोणत्या तारखेला, किती माणसांचा भरला ते दिसतं. मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेची असते. सतत उशीर होत असेल तर पगारही उशिरा होत असणार. दीडशेच्या जागी नव्वद माणसांचाच पीएफ दिसला तर बाकीचे बहुधा कंत्राटी आहेत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून ताळेबंद बघता येतो. आणि बँकेचं मोठं कर्ज असेल तर बहुधा एखाद्या पतमानांकन संस्थेने त्या कंपनीचं टिपण प्रसिद्ध केलेलं असतं. ते फुकट वाचायला मिळतं, आणि विक्री किती, दोन-तीन कस्टमरवरच धंदा अवलंबून आहे का, पैसे किती दिवसांनी येतात, हे त्यात सरळ लिहिलेलं असतं.

एक गोष्ट बहुतेक इन्स्पेक्शनवाले विसरतात. तुमच्या पत्रात एनडीटी (वस्तू न मोडता करायची तपासणी) लेव्हल टूचा उल्लेख आहे. एसएनटी-टीसी-१ए या मार्गदर्शिकेखालचं ते सर्टिफिकेशन कंपनीने दिलेलं असतं, कंपनी सोडली की संपतं. नव्या कंपनीला तुम्हाला नव्याने सर्टिफाय करावं लागेल, आणि त्यासाठी तुमच्या ट्रेनिंगच्या तासांचे, अनुभवाचे आणि परीक्षेचे कागद लागतील. ते आत्ताच, नोकरीत असतानाच, एचआर किंवा लेव्हल थ्रीकडून (सर्वात वरच्या पातळीच्या एनडीटी तज्ज्ञाकडून) प्रती करून घ्या. सोडून गेल्यावर मागितले तर महिनोन्महिने लागतात. त्याच्या जोडीला एक तरी सर्टिफिकेट असं हवं जे तुमच्या नावावर असेल, कंपनीच्या नाही. वेल्डिंग इन्स्पेक्शनसाठी सीस्विप ३.१ हे सर्टिफिकेट, किंवा आयएसओ ९७१२ या आंतरराष्ट्रीय मानकाखालचं एनडीटी. दोन्ही पाच वर्षं चालतात, मग नूतनीकरण. खर्च आहे, पण चाकण असो की आखात, हे कागद सगळीकडे तुमच्याबरोबर येतात.

आणि यातच तुमच्या 'फुकट गेली'चं उत्तर आहे. बारा वर्षं कोडप्रमाणे (ठरलेल्या तांत्रिक नियमांप्रमाणे) चालणाऱ्या शॉपमध्ये काढलेला माणूस डब्ल्यूपीएस (वेल्डिंगची लेखी पद्धत) वाचून वेल्डरचा हात थांबवू शकतो, आयटीपीतला (तपासणीच्या आराखड्यातला) होल्ड पॉइंट, म्हणजे तपासणीशिवाय काम पुढे न्यायचं नाही तो टप्पा, का आहे हे सांगू शकतो, थर्ड पार्टी इन्स्पेक्टरसमोर न अडखळता उभा राहतो. दीडशे माणसांची कंपनी त्याचेच पैसे द्यायला निघाली आहे. हे तुमच्या सध्याच्या साहेबांना दिसत नसलं तरी बाजाराला दिसतंय. त्यामुळे ही ऑफर गेली तरी दुसरी येईल. घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

माझं मत विचारलंत तर : ही ऑफर आहे त्या रूपात घेऊ नका. पण आहे तसे बसूनही राहू नका. त्यांना चार गोष्टी मागा. पीएफ पूर्ण बेसिकवर. व्हेरिएबलमधले एक लाख फिक्स्डमध्ये. डिस्पॅच थांबवण्याचा अधिकार आणि रिपोर्टिंग थेट मालकाला, लेखी. आणि हजर होण्यासाठी नव्वद दिवस, किंवा उरलेल्या साठ दिवसांचा नोटीस पे त्यांनी भरायचा. यातली तिसरी गोष्ट नाकारली तर बाकीच्या तीन मिळूनही जाऊ नका. तिसरी मिळाली, बाकीच्यांतल्या दोन मिळाल्या, शॉप बघून समाधान झालं आणि आईच्या पॉलिसीचं लेखी उत्तर आलं, तर खुशाल जा. वडिलांना हिशेबाचा कागद दाखवा. आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाला आकडे पटतात.

दोन गोष्टी मात्र करू नका. ऑफर लेटर साहेबांच्या टेबलावर ठेवून वाढ मागू नका. एखादेवेळी मिळते, पण पुढच्या अप्रेझलला तुमच्या नावापुढे 'जाणारा माणूस' अशी खूण राहते आणि ज्या कारणाने जायचं होतं ते तसंच उरतं. आणि तीस दिवसांत पळून जाऊ नका. रिलीव्हिंग लेटर नसेल तर पुढची प्रत्येक मोठी कंपनी पार्श्वभूमी तपासताना तिथेच अडते. नोटीस पे बेसिकवर मोजतात की ग्रॉसवर, शिल्लक रजा त्यात वळती करता येते का, हे अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघून घ्या. फरक लाखाच्या घरात जाऊ शकतो.

रोजच्या जगण्यातलं एक. आज तुम्हाला रविवार आणि दोन शनिवार सुट्टी आहे. तिकडे फक्त गुरुवार, पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांसारखा. मुलीची शाळा रविवारी बंद. म्हणजे तुम्ही घरी असाल तेव्हा ती शाळेत आणि ती घरी असेल तेव्हा तुम्ही चाकणला. दर महिन्याला एक रविवार बदलून मिळेल का हे विचारण्यात कमीपणा नाही. प्रवासाची चाचणीही घ्या, पण ती गुरुवारी घेऊ नका. त्या दिवशी मोशी ते चाकणचा रस्ता मोकळा वाटतो. सोमवारी सकाळी फर्स्ट शिफ्टच्या वेळेला जा आणि संध्याकाळी सुटायच्या वेळेला तळेगाव चौकातून परत या.

जायचं ठरलं तर पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) ट्रान्सफर करा. सेवा सलग धरली जाते आणि दहा वर्षं पूर्ण झाल्यामुळे पेन्शनचा जो हक्क तयार झाला आहे त्याला धक्का लागत नाही. तिकडे पीएफ १,८०० वरच राहिला तर स्वतःच्या बाजूने ऐच्छिक रक्कम वाढवून घ्या. शेवटच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला, फॉर्म १६, ग्रॅच्युइटीचा अर्ज दिल्याची पोच आणि एनडीटीचे कागद हातात घेऊनच गेटबाहेर पडा. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत यायला हवी.

ऑफरला उत्तर द्यायला त्यांनी आठवडा दिला आहे असं तुम्ही लिहिलंय. शॉप बघायची वेळ आणि त्या चार मागण्या, असा एकच छोटा मेल उद्या सकाळी पाठवा. त्याच दिवशी विमा कंपनीलाही. आणि या आठवड्यातच साहेबांच्या साहेबांकडे पंधरा मिनिटं मागून सप्लायर क्वालिटीत जागा निघणार आहे का हे विचारा, ऑफरचा उल्लेख न करता.